घरगुती ध्वनिमुद्रणाचे मिक्सिंग व मास्टरिंग
नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात : खोली, शब्द आणि तीव्रता

रॉक बँडचे गीत ध्वनिमुद्रित करावयाचे तर महानगरातील स्टुडिओ गाठावा लागे, असा काळ फार जुना नाही. नांदेड व लातूर ही शहरे मुंबईपासून पाचशे-सहाशे किलोमीटर अंतरावर असल्यामुळे तेथील कलावंतांस ही अट विशेषच जाचक होती. आज एक संगणक, दोन मायक्रोफोन जोडता येतील असा लहानसा ऑडिओ इंटरफेस, एक हेडफोन आणि ऑडॅसिटीसारखी विनामूल्य प्रणाली एवढ्या सामग्रीवर राहत्या घरात संपूर्ण गीत मुद्रित करता येते. साधनांची अडचण अशा रीतीने पुष्कळ अंशी दूर झाली; परंतु घरी तयार झालेल्या गीतांत दोन दोष मात्र वारंवार आढळतात. एक, गीत ज्या खोलीत तयार झाले तेथे ते भरदार वाटते आणि अन्यत्र पोकळ किंवा घुमणारे वाटते. दुसरा दोष अधिक गंभीर होय : गीताचे शब्द कळत नाहीत.

ह्या दोषांचे खापर सामान्यतः स्वस्त यंत्रांवर फोडले जाते. वस्तुतः त्यांची कारणे यंत्रांत थोडी आणि खोलीचे गुणधर्म, भाषेची ध्वनिव्यवस्था व ऐकण्याची तीव्रता ह्या तीन गोष्टींत अधिक आहेत. ह्या तिन्हींचा विचार यंत्रे विकत घेण्यापूर्वी करता येतो, आणि त्यास खर्चही फारसा पडत नाही.

१. दोन भिन्न क्रिया

मिक्सिंग म्हणजे ध्वनिमिश्रण. गायन, गिटार, बेस गिटार, ड्रम इत्यादींची स्वतंत्र मुद्रणे एकमेकांच्या प्रमाणात बसवून त्यांचे एक गीत सिद्ध करणे, हे त्याचे कार्य. मास्टरिंग ही त्यानंतरची क्रिया होय. तीत सुटी वाद्ये हाती नसतात; तयार मिश्रण ज्या माध्यमातून श्रोत्यांपर्यंत जावयाचे त्या माध्यमास ते अनुरूप करणे एवढेच तिचे क्षेत्र असते. हा भेद इतिहासावरून स्पष्ट होतो. तबकड्यांच्या काळात मास्टरिंग म्हणजे प्रत्यक्ष खाच कोरण्याचे काम होते. खर्जाचा अंश बेसुमार असला तर खाच इतकी रुंद होई की सुई उडे. म्हणून कोरणाऱ्या तंत्रज्ञास खर्जाला आवर घालावा लागे. कोलकात्याजवळील दमदमच्या कारखान्यात ग्रामोफोन कंपनीच्या ज्या तबकड्या निघत, त्यांनाही हा नियम चुकला नव्हता.

घरगुती ध्वनिमुद्रणाची परंपराही समजली जाते त्यापेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील गिटारवादक लेस पॉल ह्याने मेरी फोर्ड ह्या गायिकेसह आपल्या घरी एकावर एक स्तर चढवून केलेले 'हाऊ हाय द मून' हे गीत १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. १९७९ मध्ये टिॲक कंपनीने कॅसेटवर चार स्वतंत्र मार्ग मुद्रित करणारे 'पोर्टास्टुडिओ' हे यंत्र आणले. त्याच यंत्रावर ब्रूस स्प्रिंगस्टीन ह्याने घरी केलेले मुद्रण १९८२ मध्ये 'नेब्रास्का' ह्या नावाने प्रकाशित झाले. ते कॅसेटवरून तबकडीत उतरविताना तंत्रज्ञांना फार प्रयास पडले. मूळ मुद्रणातील उणीव पुढच्या पायरीवर भरून निघत नाही, फार तर झाकली जाते, हा त्या उदाहरणाचा बोध आजही लागू आहे.

२. खोली : न दिसणारे वाद्य

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात ६.२ प्रतीचा भूकंप होऊन लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. मातीच्या सांध्यांत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीच्या थरांची जड माळवदे हे त्या संहाराचे प्रमुख कारण ठरले. त्यानंतर बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली व सिमेंट-काँक्रीटची घरे उभी राहिली. शहरांतूनही आज स्लॅबचे घर हाच सर्वसामान्य प्रकार आहे. घर सुरक्षित झाले, हे निर्विवाद इष्ट होय. ध्वनीच्या दृष्टीने मात्र ते कठीण झाले. माळवदाच्या घरात तुळया, कडीपाट व खांब ह्यांमुळे पृष्ठभाग जागोजागी मोडलेला असे आणि शेणामातीचा गिलावा थोडा सच्छिद्र असे. स्लॅबच्या खोलीत गुळगुळीत, रंग दिलेल्या समांतर भिंती, सपाट छत व फरशी असते. अशा पृष्ठभागांवर आदळलेला ध्वनी जवळजवळ संपूर्ण परत येतो.

ह्याचे गणित हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन ह्याने मांडले. १८९५ मध्ये तेथील एका व्याख्यानगृहातील घुमारा दूर करण्याचे काम त्याच्याकडे आले असता त्याने शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून, त्या कमी-अधिक करून निनादकाळ मोजला. त्याचा नियम असा : खोलीचे घनफळ घनमीटरांत घेऊन त्यास ०.१६१ ने गुणावे आणि एकूण शोषणाने भागावे; येणारे उत्तर म्हणजे ध्वनी साठ डेसिबलने उतरण्यास लागणारे सेकंद. बारा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशी रिकामी खोली घेतली तर तिचे घनफळ सुमारे ३४ घनमीटर व पृष्ठफळ सुमारे ६३ चौरस मीटर भरते. रंगविलेला गिलावा मध्यम कंपनसंख्येच्या ध्वनीचा शंभरातील तीन भाग शोषतो असे धरल्यास निनादकाळ २.९ सेकंदांच्या जवळपास येतो. हा काळ एखाद्या मोठ्या सभागृहास शोभावा असा आहे. त्याच खोलीत दहा चौरस मीटर क्षेत्रावर जाड गाद्या व गोधड्या उभ्या केल्या आणि त्यांचे शोषण शंभरात सत्तर धरले, तर निनादकाळ ०.६ सेकंदांवर उतरतो. कापसाच्या प्रदेशात ह्याहून सुलभ उपाय कोणता असणार? 'नांदेड-४४' ह्या संकरित वाणामुळे ज्या शहराचे नाव कापूस उत्पादकांत सर्वत्र पोहोचले, तेथील घरोघरच्या गाद्यांत सॅबिनचे साहित्य आयतेच भरलेले आहे. अर्थात कापूस ज्वालाग्राही असल्यामुळे विजेच्या तारा व तापणारी यंत्रे ह्यांपासून तो दूर ठेवणे अगत्याचे आहे.

गाद्यांनी मध्यम व तार स्वरांचा प्रश्न सुटतो. खर्जाचा सुटत नाही. खर्जाच्या लहरी काही मीटर लांब असतात व चार इंची गादी त्यांस जाणवतही नाही. दोन समांतर भिंतींमध्ये ज्या ध्वनीची अर्धी तरंगलांबी नेमकी बसते, तो ध्वनी त्या खोलीत अनुनादित होतो. वीस अंश सेल्सिअस तापमानास ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४३ मीटर असतो. त्या हिशेबाने बारा फुटी लांबीचा पहिला अनुनाद सुमारे ४७ हर्ट्झ आणि दहा फुटी रुंदीचा सुमारे ५६ हर्ट्झ येतो. उंचीही दहाच फूट असल्यामुळे ५६ हर्ट्झवर दोन अनुनाद एकत्र येऊन दोष दुणावतो. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१.२ हर्ट्झची व तिच्या वरची ५५ हर्ट्झची असते. म्हणजे ही दुसरी तार छेडताच खोलीही तिच्यासह वाजू लागते. उन्हाळ्यात खोलीतील हवा चाळीस अंशांवर गेली की ध्वनीचा वेग ३५५ मीटरच्या घरात जातो आणि हे अनुनाद सुमारे ४८.५ व ५८ हर्ट्झपर्यंत सरकतात. मराठवाड्यातील खोलीचा स्वर हिवाळ्यात एक आणि वैशाखात थोडा निराळा असतो, तो ह्यामुळे.

ह्याचा परिणाम मिश्रण करणाऱ्याच्या निर्णयावर होतो. पहिल्या अनुनादाचा दाब भिंतीशी सर्वाधिक आणि खोलीच्या मध्यावर शून्यवत असतो. त्यामुळे मध्यावर बसलेल्यास बेस कमी वाटतो, भिंतीस टेकून बसलेल्यास तोच अती वाटतो. आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतात. जो मध्यावर बसून बेस वाढवितो, त्याचे गीत इतरत्र घुमते. बारा फुटी खोलीत समोरच्या भिंतीपासून साधारण साडेचार फुटांवर, लांबीच्या दिशेस तोंड करून बसणे हा बरा मध्यममार्ग होय. कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत सैल भरलेली कापसाची पोती रचल्यास खर्जाचा घुमारा काही अंशी उतरतो. राहिलेली शंका हेडफोनवर ऐकून फेडावी. कारण हेडफोनमध्ये खोली नसते.

३. मुळातील दोष

मिश्रणापूर्वी दोन दोष मुळातच टाळले पाहिजेत. पहिला विजेच्या गुणगुणीचा. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे व बेस गिटारवरील एक स्वर ४९ हर्ट्झचा आहे. गुणगुण मागाहून गाळू गेल्यास तो स्वरही गाळला जातो. शिवाय १००, १५०, २५० हर्ट्झ अशी तिची पटीतील आवर्तने शिल्लक राहतात ती वेगळीच. साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर ही आवर्तने विशेष तीव्र असतात. एकमेकांविरुद्ध गुंडाळलेल्या दोन वेटोळ्यांचा पिकअप गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर ह्याने १९५५ मध्ये सिद्ध केला, तो ह्याच गुणगुणीवरील उपाय होता. तसा पिकअप नसेल तर गिटार घेऊन बसण्याची दिशा बदलावी, फ्रिज व स्टॅबिलायझर ह्यांपासून दूर बसावे आणि घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंगचा विरोध वाढतो, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा दोष दोन मायक्रोफोनांच्या अंतराचा. एकाच ड्रमचा ध्वनी दोन मायक्रोफोनांपर्यंत सुमारे ३४ सेंटिमीटर अंतराच्या फरकाने पोहोचला, तर त्यांत एक सहस्रांश सेकंदाचे अंतर पडते. ती दोन मुद्रणे समप्रमाणात मिसळताच ५०० हर्ट्झचा अंश नाहीसा होतो. १५०० व २५०० हर्ट्झचीही तीच गत होते. ड्रम 'पातळ' वाटण्याचे हे नेहमीचे कारण होय. ड्रमच्या मुख्य थापेपासून दोन्ही मायक्रोफोनांचे अंतर सुतळीने मोजून सारखे ठेविले की दोष टळतो. मुद्रण २४ बिटांचे असल्यास पातळी चढी ठेवण्याचे कारण नाही; सर्वोच्च शिखर कमाल मर्यादेच्या दहा-बारा डेसिबल खाली राहिले तरी काहीही गमावत नाही.

४. शब्दांची जागा

महाराष्ट्रात रॉक संगीताचे केंद्र दीर्घकाळ मुंबई हेच राहिले. १९८६ मध्ये तेथील रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' ह्या महोत्सवास आरंभ झाला, तेव्हा बँडांची भाषा मुख्यतः इंग्रजी होती. पुढे मराठीचा शिरकाव झाला. 'अभंग रिपोस्ट' ह्या मुंबईच्या बँडने तर संतांचे अभंगच गिटार व ड्रमच्या साथीने मांडले. गीत मराठी झाल्याबरोबर मिश्रणाचा प्रश्न बदलतो, कारण श्रोत्यास आता शब्द हवा असतो. कीर्तन, भारूड, गोंधळ व शाहिरी ह्यांवर वाढलेल्या मराठवाड्यातील श्रोत्याबाबत तर हे विशेषत्वाने खरे आहे.

मराठीचे काही ध्वनिभेद रॉकच्या वाद्यमेळात सहज बुडतात. 'जग' हा शब्द विश्व ह्या अर्थी तालव्य ज-ने आणि 'जगणे' ह्याचे आज्ञार्थी रूप म्हणून दंततालव्य ज-ने उच्चारला जातो. 'चार' आणि 'चारा' ह्यांतही तोच भेद आहे. तालव्य उच्चारातील घर्षण साधारणतः अडीच ते चार हजार हर्ट्झच्या भागात, तर दंततालव्यातील स-सदृश घर्षण त्याहून वर प्रबळ असते. गायनातील 'स'कार बोचू नये म्हणून डी-एसर वापरतात. तो सहा हजार हर्ट्झच्या आसपास बेताबाहेर चालविला तर 'स'काराबरोबर हा भेदही पुसट होतो. 'ल' आणि 'ळ' ह्यांतील भेद मुख्यतः स्वरमार्गाच्या तिसऱ्या अनुनादावर, म्हणजे दोन ते तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात ओळखू येतो. आणि विकृत केलेल्या इलेक्ट्रिक गिटारची ऊर्जा नेमकी तेथे दाटलेली असते. 'बार' व 'भार' ह्यांतील महाप्राण तर क्षणभराच्या श्वासावर अवलंबून असतो. कॉम्प्रेसर मोठा ध्वनी दाबून लहान-मोठ्यातील अंतर कमी करतो. त्याची सुटका फार सावकाश ठेविली तर व्यंजनाच्या स्फोटाने तो जागा होतो आणि पाठोपाठ येणारा श्वासही दाबून टाकतो.

हे जाणल्यास उपाय कळतो. शब्द ऐकू येत नाही म्हणून गायन वाढवावे, मग गिटार दबली म्हणून ती वाढवावी, हे चक्र संपत नाही. त्याऐवजी इक्वलायझरने गिटारमधील दोन ते चार हजार हर्ट्झचा भाग दोन-तीन डेसिबल उतरवून गायनास वाट करून द्यावी. गिटार दोनदा स्वतंत्रपणे वाजवून एक मुद्रण डावीकडे व दुसरे उजवीकडे ठेविल्यास मध्य गायनासाठी मोकळा राहतो. हलगीसारखे कडाडणारे वाद्य वापरले असेल तर तिच्या टिपरीचा आघातही व्यंजनांच्याच क्षेत्रात पडतो. म्हणून शब्दांच्या ओळीत ती मागे घेऊन ओळींच्या मधल्या जागांत पुढे आणावी. वारकरी कीर्तनात निरूपण सुरू होताच टाळ-मृदंग थांबतात आणि अभंगाचे चरण येताच पुन्हा उभे राहतात. मिश्रणातील पातळ्यांच्या चढउताराचे ह्याहून चांगले शिक्षण दुसरे नाही. हा तोल प्रथम एकाच स्पीकरवर, डावे-उजवे एकत्र करून साधावा. तेथे जमलेला तोल दोन स्पीकरवर बिघडत नाही, उलट क्रमाने मात्र बिघडतो.

खर्जाविषयी आणखी एक सूचना आवश्यक आहे. ही गीते बहुधा मोबाइलवर, ट्रॅक्टरवर किंवा जीपमधील स्पीकरवर ऐकली जातात. मोबाइलच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झचा मूलस्वर निघतच नाही. तथापि त्याची ८२, १२४, १६५, २०६ इत्यादी आवर्तने निघण्यापुरती वर असली, की कान मूलस्वर स्वतःच जुळवून घेतो. म्हणून बेसमध्ये थोडी विकृती मिसळून वरची आवर्तने वाढविणे हे केवळ खर्ज वाढविण्यापेक्षा फलदायी ठरते.

५. तीव्रतेचा भ्रम आणि मास्टरिंग

बेल प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर व वाइल्डन मन्सन ह्यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की कानाची संवेदना सर्व कंपनसंख्यांस सारखी नसते, आणि ध्वनी मंद झाला की खर्ज सर्वांत आधी हरपतो. ह्यातून दोन अनुमाने निघतात. मोठ्या आवाजात केलेले मिश्रण मंद आवाजात खर्जहीन भासते. आणि दोन आवृत्त्यांपैकी एखादी किंचित मोठी असेल, तर ती केवळ मोठी असल्यामुळे सरस वाटते. म्हणून तुलना करताना दोन्हींची तीव्रता प्रथम समान करावी व नंतरच मत बनवावे.

हा भ्रम एका उद्योगासच जडला होता. आपले गीत इतरांपेक्षा मोठे वाजावे ह्या स्पर्धेत गीतातील चढउतार चिरडले जाऊ लागले. मेटॅलिका ह्या बँडच्या २००८ मधील 'डेथ मॅग्नेटिक' ह्या संग्रहावर ह्याच कारणास्तव श्रोत्यांनी टीका केली. त्याच गीतांची एका व्हिडिओ-खेळातील कमी दाबलेली आवृत्ती अनेकांनी पसंत केली. पुढे मापनाची पद्धत स्थिर झाली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये जाणवणाऱ्या तीव्रतेच्या मापनाची शिफारस प्रसिद्ध केली, आणि युरोपीय प्रसारण संघाने २०१० मध्ये प्रसारणासाठी उणे २३ लुफ्स ही पातळी ठरविली. स्पॉटिफाय ही सेवा सर्व गीते साधारणतः उणे १४ लुफ्सवर आणून वाजविते. एखाद्याने आपले गीत दाबून उणे ८ पर्यंत चढविले, तर सेवा ते सहा डेसिबल उतरविते. मोठेपणा परत घेतला जातो. चिरडलेले चढउतार मात्र परत मिळत नाहीत.

घरगुती मास्टरिंगचे काम त्यामुळे मर्यादित, पण नेमके आहे. मिश्रण पूर्ण झाल्यावर काही दिवस कानांस विश्रांती द्यावी. शक्य तर बँडबाहेरच्या व्यक्तीने ते ऐकावे. आवडीच्या एखाद्या प्रकाशित गीताशी समान तीव्रतेवर तुलना करून एकूण गीतात एक-दोन डेसिबलचे फेरफार करावेत. त्याहून मोठा बदल करावासा वाटला तर दोष मिश्रणात आहे असे समजून तेथेच परतावे. शेवटी लिमिटरने सर्वोच्च शिखर मर्यादेच्या एक डेसिबल खाली ठेवावे, म्हणजे संक्षेपित फाइलमध्ये तडतड होत नाही.

६. पुढील अभ्यासाची दिशा

ह्या विवेचनावरून असे दिसते की मिक्सिंग हे जागा वाटून देण्याचे कार्य आहे, आणि ही वाटणी करणाऱ्यास खोली, भाषा व स्वतःचा कान ह्या तिन्हींच्या मर्यादा ठाऊक असाव्या लागतात. भौतिकी, भाषाविज्ञान आणि संगीत ह्या तीन विभागांच्या सीमेवरील हा विषय असल्यामुळे तो सहसा कोणाच्याच वाट्यास येत नाही. १९९४ मध्ये नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले व लातूर येथे त्याचे उपकेंद्र आहे. ह्या परिसरातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस दोन लहान प्रकल्प सहज हाती घेता येतील. स्लॅबच्या, पत्र्याच्या व शिल्लक राहिलेल्या माळवदाच्या खोल्यांतून फुगा फोडून त्याचे मुद्रण करावे आणि निनादकाळ मोजावा, हा पहिला. दुसऱ्यात, 'बार-भार', 'चार-चारा' अशा शब्दजोड्या गिटारच्या निरनिराळ्या पातळ्यांवर मिसळून श्रोत्यांस ऐकवाव्यात व त्यांनी काय ऐकले ते लिहून घ्यावे. मराठी शब्द किती गोंगाटात तग धरतो ह्याचे कोष्टक अशा प्रयोगातून हाती आले, तर घरच्या खोलीत बसून गीत रचणाऱ्या तरुणास कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा त्याचा अधिक उपयोग होईल.